एक तांब्या जुनं पाणी

माशांच्या टाक्या ठेवणाऱ्या लोकांचे किस्से शेवाळासारखे वाढतात. काच घासून लख्ख करा, आठवड्यात पुन्हा हिरवी! मद्रासला मी आठ वर्षं होतो आणि तेवढ्यात आमच्या चौघांच्या कंपूत इतके किस्से साठले, की आजही कुणाच्या घरी कोपऱ्यात काचेची टाकी दिसली की आमची ही म्हणते, "झालं, हे निघाले मद्रासला!"

लोक हसतात, मीही हसतो. पण खरं सांगायचं तर यातल्या बहुतेक किश्श्यांत मान खाली घालायची पाळी माझीच आहे. एक किस्सा तर मी आजवर कधी पुरा सांगितला नाही. आज सांगून टाकतो, बघू जमतं का.

आधी मंडळींची ओळख. मी साताऱ्याचा, केंद्र सरकारच्या एका ऑफिसात क्लार्क, बदली होऊन तिकडे गेलेला. सेतुराव म्हणजे तंजावरकडचे मराठी, हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, मैलापूरला स्वतःचं घर. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच, पण अशी, की पहिले सहा महिने मला वाटायचं हे गृहस्थ पोथीतून वाचून दाखवताहेत. तिसरे पद्मनाभन, बँकेतले. आणि चौथे नायडू. त्यांचं ट्रिप्लिकेनला शिलाईचं दुकान होतं, आम्हा तिघांचे शर्ट तेच शिवत. वयानं ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. तरी सेतुरावांना नि पद्मनाभनना मी 'अहो' म्हणे आणि त्यांना 'अरे नायडू'. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

दर रविवारी सकाळी सेतुरावांच्या पुढच्या हॉलमध्ये बैठक. मंगळाबाई, म्हणजे सेतुरावांच्या पत्नी, आतून कॉफीचे टंबलर पाठवायच्या आणि आम्ही दोन तास माशांवर बोलायचो. शेजारचे विचारत, "तुमच्या घरात मासे?"

सेतुराव शांतपणे सांगत, "पाहायला हो, खायला नव्हे!"

*

मला 'डॉक्टर' ही पदवी कशी मिळाली, ते ऐका.

डिसेंबरचे दिवस, मद्रासचा तो हिवाळी पाऊस चार दिवस लागून राहिलेला. पद्मनाभन एका बाटलीत आपला लाडका फायटर मासा घेऊन आले. मासा तळाशी आडवा. पद्मनाभनचा चेहरा त्याच्याहून पडलेला.

त्या आठवड्यात मी लायब्ररीतून माशांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. वाचून झाली होती चाळीस पानं. रोगांचं प्रकरण होतं दोनशेव्या पानावर! पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी गंभीर चेहऱ्यानं बाटली फिरवून पाहिली, चिमूटभर मीठ मागवलं, ते आत टाकलं आणि बाटली खिडकीत ठेवली.

तासाभरानं पाऊस थांबला, खिडकीत ऊन आलं आणि फायटर उठला! काचेत आपलंच रूप बघून पर फुलवून भांडायलासुद्धा लागला.

"डॉक्टर!" पद्मनाभननी माझे दोन्ही हात धरले.

मागे बसलेले नायडू हळूच म्हणाले, "पाणी गार पडलं होतं, सार. ऊन लागलं, उठला." ते तमिळमध्ये बोलायचे, मी इथं मराठीत सांगतोय. ते कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं होतं.

मी म्हणालो, "मीठ हे औषधच तसं आहे!"

*

मग सेतुरावांच्या गोल्डफिशचं पोट वाढलं.

सेतुरावांनी मला खास बोलावून घेतलं. "पाहा की डॉक्टर, पोट केवढं! मी हिला तेव्हाच सांगट्लों, काहीतरी विशेष आहे म्हणून."

मी वाकून पाहिलं. पोट टम्म, चाल मंद. आमच्या घरी तेव्हा हिला सातवा महिना होता, मला दुसरं काही सुचेचना. म्हणालो, "गोड बातमी दिसतेय!"

नायडूही तिथं होते. ते टाकीवर ओणवे होऊन वरून बघत होते. "खवले उभे राहिलेत, सार. शिवणीवर ताण आला की टाके उभे राहतात तसे. पोटात पाणी झालंय. हिला वेगळी काढा."

"अरे नायडू, तू सदऱ्याचं बघ," मी म्हणालो आणि सगळे हसले. नायडूही हसले.

मंगळाबाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी ही बातमी मनावरच घेतली. तिकडच्या डोहाळजेवणाच्या रीतीप्रमाणे हिरव्या काचेच्या बांगड्या आणून टाकीच्या कोपऱ्यावर अडकवल्या, चिंचभात, लिंबूभात, दहीभात असा पाच भातांचा बेत केला, चार नातेवाईक बायकांना जेवायला बोलावलं. मी पाटावर बसून पाचही भात दोनदा मागून घेतले!

चौथ्या दिवशी मासा गेला. त्या रात्री मी धावतपळत दोनशेवं पान उघडलं. जलोदर! खवले उभे राहिले की ओळखायचं आणि लगेच वेगळं काढायचं. आणि खाली तळटीप, की गोल्डफिश अंडी घालतो, गरोदर राहत नाही.

रविवारी सेतुरावांनी माझा हात हातात घेतला. "तुम्ही तरी काय करणार, डॉक्टर. पण मूल तरी वाचायला हवं होतं!"

मला ते तळटिपेचं सांगता आलं नाही.

*

पद्मनाभन यांच्या टाकीला कायमचा वास. पाणी गढूळ, मासे वर तोंड काढून हवा गिळताहेत, शेपट्या कुरतडल्यासारख्या झालेल्या. मी तपासणीला गेलो, तर तळाशी अर्धी इडली!

चौकशी केली. सकाळी पद्मनाभन इडली घालत. त्यांची आई दुपारी दहीभाताचं शीत घाली. बायको संध्याकाळी काहीतरी घाली, कारण कुणी घातलंय हे तिला माहीत नसे. दोन्ही मुली शाळेतून आल्या की बिस्किट. पाणी कसलं, रसमच झालं होतं!

"इतकं खायला घालू नका," मी म्हणालो.

पद्मनाभनच्या आईला राग आला. "कावळ्याला घालून मग आम्ही जेवतो. घरातल्या माशांना उपाशी ठेवू?"

आता म्हातारीला कसं समजवावं? मला एकदम आमची आई आठवली. पोट बिघडलं की ती एकच औषध सांगायची, लंघन. मी विचारलं, "आजी, तुम्ही एकादशी करता ना? मग माशांनाही करू द्या की!"

हे मात्र पटलं! त्या दिवसापासून त्या घरातले मासे म्हातारीबरोबर एकादशी करू लागले, पारणं फेडल्यावर त्यांना चिमूटभरच मिळू लागलं, आणि महिन्याभरात पाणी निवळलं. माझ्या साऱ्या डॉक्टरकीत हा एकच इलाज गुणाला आला, आणि तोही पुस्तकातला नव्हता. सांगताना मात्र मी तो पुस्तकातलाच म्हणून सांगितला.

*

कीर्ती ऑफिसात पोचली. साहेबांच्या बंगल्यावरच्या पांढऱ्या मॉली माशांच्या शेपटीला कापसासारखं काहीतरी लागलं होतं. बुरशी! हे मला ओळखता आलं, एव्हाना दोनशेवं पान पाठ झालं होतं. काडीला कापूस गुंडाळून दुखऱ्या जागी मर्क्युरोक्रोम लावायचं. मी आजारी माशांना लावलं, आणि हात लागलाच आहे तर निरोगी माशांनाही लावून टाकलं. बाराच्या बारा शेपट्या लालभडक!

पुढच्या शनिवारी साहेबांकडे पार्टी होती. बाईसाहेब पाहुण्यांना सांगताना मी ऐकलं, "रेड टेल! फार रेअर व्हरायटी आहे. आमच्या ऑफिसच्या माणसानं मिळवून दिली."

मी तिथंच उभा होतो. तोंड उघडायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. एका पाहुण्यानं जोडी मागितली आणि साहेबांनी माझ्याकडे बघितलं. सोमवारी मी दोन मॉली रंगवून पोचत्या केल्या.

पंधरा दिवसांनी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "त्यांचे मासे पांढरे पडले म्हणे. असं का?"

"सर," मी म्हणालो, "क्लायमेट!"

रविवारी हे मी रंगवून सांगितलं तेव्हा सेतुराव नि पद्मनाभन पोट धरून हसले. नायडू सुई-दोरा काढून माझ्या बाहीचं सैल झालेलं बटण लावत होते. दोरा तोडत म्हणाले, "कापडाचा रंग कच्चा असला, तर मी गिऱ्हाइकाला आधी सांगतो, सार."

*

आता तो किस्सा.

दोनशेव्या पानावर एक नियम होता. नवा मासा आणला की तो सरळ टाकीत सोडायचा नाही, दहा दिवस वेगळा ठेवायचा, त्याचं जाळं वेगळं, त्याला हात लावला तर धुवायचा. मी तो मंडळींना वाचून दाखवला. सेतुराव लगेच म्हणाले, "म्हणजे सुतक!" झालं, आमच्यात तेच नाव पडलं. लोणच्याच्या काचेच्या बरणीत दहा दिवसांचं सुतक. नायडू तर शिंप्याच्या खडूनं बरणीवर रोज एक रेघ ओढत, आणि दहावी रेघ ओढल्याशिवाय मासा बाहेर काढत नसत. मी चौथ्या-पाचव्या दिवशी कंटाळायचो.

दुसरी रीत होती जुन्या पाण्याची. नव्या टाकीतलं नळाचं पाणी माशांना मानवत नाही, म्हणून कुणी नवी टाकी मांडली की बाकीच्यांनी आपापल्या टाकीतलं एक-एक तांब्या मुरलेलं पाणी आणून त्यात ओतायचं. दुधाला विरजण लावतात तसं.

सेतुरावांनी चार फुटी टाकी करून घेतली. लोखंडी चौकट, जाड काच. तिच्यात सोडायचे होते त्यांचे एंजल मासे. बोटाच्या नखाएवढे होते तेव्हापासून त्यांनी ते दोन वर्षं वाढवले होते, एकूण अकरा. रोज सकाळी पूजा आटोपली की ते खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसत. मंगळाबाई म्हणत, "नातवंडं आहेत हो त्यांची."

त्याच सुमारास साताऱ्याहून माझे मेहुणे येणार होते. टाकी भरलेली दिसावी म्हणून मी बाजारातून दोन स्वोर्डटेल मासे आणले आणि तसेच आत सोडले. सुतक मीच लावलेलं, मीच मोडलं.

सेतुरावांच्या टाकीच्या मुहूर्ताचा रविवार उजाडला. सकाळी मी टाकीतला दिवा लावला, तर नव्या माशाच्या अंगावर रव्याचे कण उडावेत तसे पांढरे ठिपके! काय आहे ते मला तत्क्षणी कळलं. असा एक मासा दिसला की त्या टाकीचं सगळं पाणी रोगाचं समजायचं, हेही पाठ होतं.

ही म्हणाली, "आज पाणी नेऊ नका. सरळ सांगा, आमच्या टाकीत रोग आलाय."

"डॉक्टरच्या टाकीत रोग?" मी म्हणालो.

मी तांब्या भरून घेतला आणि मग टाकीत मिथिलीन ब्लू, म्हणजे ठिपक्यांवरचं निळं औषध, घातलं. आधी पाणी, मग औषध, म्हणजे तांब्यातलं पाणी स्वच्छ दिसावं! एवढी अक्कल मला होती. तांब्यातल्या पाण्यात रोग असेलच कशावरून, असंही मनाला समजावलं. बोटं मात्र निळी झाली, साबणानं जाईनात.

मैलापूरला मंगळाबाईंनी टाकीपुढे कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी, काढलं होतं, नारळ वाढवला. पहिला मान डॉक्टरांचा. मी पाणी ओतलं. माझ्यानंतर पद्मनाभननी ओतलं.

नायडू आपला तांब्या घेऊन पुढे आले आणि माझ्या हाताकडे बघून थांबले. "रविवारी पण ऑफिस, सार?"

"शाई," मी म्हणालो. "कालची."

त्यांनी आपलं पाणी ओतलं आणि सेतुरावांकडे वळले. त्यांना ते मानानं 'अय्या' म्हणत. "अय्या, मासे आज सोडू नका. पाण्यात काही असलं, तर मासा न मिळाल्यानं ते आपोआप मरेल. दहा दिवस थांबा."

"मुहूर्त पाहिलाय हो!" सेतुराव म्हणाले आणि माझ्याकडे बघू लागले. "डॉक्टर?"

आताही वेळ गेलेली नव्हती. नुसतं 'थांबा' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हणालो, "काही हरकत नाही. सोडा."

सहाव्या दिवशी एंजल दगडांवर अंग घासू लागले. मी मीठ घातलं, औषध घातलं, रोज ऑफिस सुटलं की धावत गेलो. काही उपयोग झाला नाही. बाराव्या दिवशी सेतुराव दारातच उभे होते.

"अस्कं गेलं, डॉक्टर." अस्कं म्हणजे सगळं. तंजावरच्या मराठीत तसंच म्हणतात.

आत पद्मनाभन बसलेले होते. म्हणाले, "मला विचाराल तर हे नायडूचं काम. तो कालव्यातल्या चिखलातून माशांना किडे आणतो. तिथली घाण त्याच्या पाण्यात असणार. आणि त्यालाच कशी शंका आली हो, मासे सोडू नका म्हणून? त्याला माहीत होतं!"

सेतुरावांनी माझ्याकडे पाहिलं. रिकाम्या टाकीत नुसतं पाणी होतं.

"असेल का हो असं, डॉक्टर?"

मी म्हणालो, "शक्य आहे."

पुढच्या रविवारी नायडू नेहमीसारखे आले. आतून कॉफीचे तीनच टंबलर आले. नायडू थोडा वेळ बसले, आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं, मग उठले. "निघतो. दुकानात गिऱ्हाईक येणार आहे."

रविवारी त्यांचं दुकान बंद असायचं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्यानंतर ते आले नाहीत. मी शर्ट दुसरीकडे शिवायला टाकू लागलो. सेतुरावांनी पुन्हा मासे पाळले नाहीत. त्या चार फुटी टाकीत त्यांनी जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवली.

*

दोन वर्षांनी माझी पुण्याला बदली झाली. सेंट्रल स्टेशनवर सेतुराव आणि पद्मनाभन पोचवायला आले. रीतीप्रमाणे पद्मनाभननी पुण्याच्या नव्या टाकीसाठी जुन्या पाण्याची बाटली आणली होती.

गाडी सुटायला पाच मिनिटं होती तेव्हा गर्दीतून नायडू येताना दिसले. हातात कापडी पिशवी.

सेतुराव पुटपुटले, "हा कशाला आला?" आणि तोंड फिरवून उभे राहिले.

मी ठरवलं, आता सांगायचं. इथं, सेतुरावांच्या देखत. मी दारात आलो.

"नायडू," मी म्हणालो. आणि पहिल्यांदाच म्हणालो, "अहो नायडू, त्या दिवशी..."

"घ्या, सार." त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "शर्ट आहे. माप जुनंच धरलंय. आणि नव्या टाकीला विरजण."

सेतुराव चार हातांवर होते. पाठमोरे. शिट्टी झाली, गाडीनं धक्का खाल्ला.

नायडू दोन पावलं गाडीबरोबर चालले. "दहा दिवस थांबा, सार. मग मासे सोडा."

मी मान हलवली. तेवढंच केलं.

बराच वेळ पिशवी मांडीवर तशीच होती. शेवटी हिनंच ती उघडली. पांढरा शर्ट निघाला, काजं सगळी हातानं केलेली. त्याखाली कापडाच्या चिंध्यांत गुंडाळलेली बाटली. हिनं चिंध्या सोडल्या आणि बाटली खिडकीच्या उजेडात धरली.

पाणी निळं होतं.

ही बाटलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही त्यांना सांगितलं होतंत?"

"नाही."

"आणि सेतुरावांना?"

गाडी अरकोणम स्टेशन सोडून पुढे निघाली होती.